माडाचा कोंब, पोफळीचा कोळेरोग आणि तीन संशोधक

श्रावण सुरू झाला की मोरजीच्या भाटात फिरणारा जाणता माणूस खाली पडलेले नारळ मोजत नाही, मान वर करून माडाचा शेंडा बघतो. मधले कोवळे पान, जे सुईसारखे सरळ उभे असते, ते पिवळे पडले आहे का, एका बाजूला कलले आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते. बाकीची झावळे हिरवीगार असतात, नारळ लागलेले असतात, बाहेरून आलेल्या माणसाला माड ठणठणीत वाटतो. पण ते मधले पान हाताने ओढले आणि सहज उपटून आले, बुडाशी कुजका वास आला, तर माडाचे काही खरे नाही. माडाला वाढीचा कोंब एकच. आंब्याची फांदी गेली तर दुसरी फुटते, माडाचा कोंब गेला की माड गेला.

पेडण्याच्या किनाऱ्यावर माड, तर आत डोंगराच्या कुशीत आणि डिचोलीच्या बाजूला पोफळ. पोफळीला आपल्याकडे माडी म्हणतात आणि तिच्या पाणथळ, सावलीतल्या बागेला कुळागर. कुळागरात याच दिवसांत वेगळे संकट येते. कोवळ्या हिरव्या सुपाऱ्या टपटप गळू लागतात. देठाजवळ पाणी मुरल्यासारखा डाग, दोन-चार दिवसांत त्यावर पांढरी कापसासारखी बुरशी, आणि मग सगळा घड रिकामा. याला कोळेरोग म्हणतात. शब्द कन्नडमधून आला आहे. 'कोळे' म्हणजे कुजणे. कोळी किड्याशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगायला हवे, कारण नावावरून तसे वाटू शकते.

माडाचा कुजणारा कोंब आणि माडीची गळणारी फळे ही एकाच कुळातल्या जिवांची करणी आहे, हे कळायला विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षे जावी लागली. ते ज्यांनी शोधले त्यांच्यापैकी तीन माणसांची कामगिरी इथे सांगायची आहे. तिघांपैकी कोणीही गोव्याचा नव्हता. पण त्यांच्या कामाचा उपयोग आजही आपल्या भाटात आणि कुळागरात होतो आहे, म्हणून आपल्या परिसराच्या इतिहासात त्यांना जागा असायला हवी.

आयर्लंडचा बटाटा आणि एक नाव

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक शेतातच काळे पडून कुजले. पुढची काही वर्षे तेच झाले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. देवाचा कोप, खराब हवा, जमिनीतली वाफ, अशी नाना कारणे तेव्हा सांगितली गेली. बुरशी दिसत होती, पण ती रोगामुळे आली असे बहुतेकांचे मत होते. बुरशीमुळेच रोग होतो हे जर्मन शास्त्रज्ञ आंटोन द बारी यांनी १८६१ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. १८७६ मध्ये त्यांनी या जिवाच्या प्रजातीला 'फायटोफ्थोरा' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ झाडांचा नाश करणारा.

त्याच आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यातल्या किल्की गावी, १८७४ मध्ये एडविन जॉन बटलर यांचा जन्म झाला. दुष्काळाने फार होरपळलेल्या भागांपैकी हा एक. बटलर शिकले वैद्यक, पण मन रमले बुरशींत. १९०१ मध्ये ते हिंदुस्थान सरकारचे बुरशीतज्ज्ञ म्हणून कलकत्त्याला आले. पुढे बिहारमधील पुसा येथे शेती संशोधन संस्था उभी राहिली, तेव्हा तिथल्या बुरशीशास्त्र विभागाचे ते प्रमुख झाले. भारतात पिकांच्या रोगांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो इथून.

गोदावरीच्या मुखाशी मरणारे ताड

बटलर यांच्यापुढे आलेल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक गोदावरीच्या मुखाजवळच्या प्रदेशातला होता. तिथे ताडाची झाडे मोठ्या संख्येने मरत होती. ताड म्हणजे गरिबाचे सगळे काही: ताडी, गूळ, छपराला पाने, घराला लाकूड. बटलर यांनी रोगट झाडांचे शेंडे उघडून पाहिले. बाहेरच्या पानांच्या देठांवर सुरुवातीला डाग पडतात, मग एकेक थर भेदत कूज आत कोंबापर्यंत पोचते, असे त्यांना आढळले. त्यांनी त्यातली बुरशी ओळखली आणि १९०७ मध्ये तिला 'पिथियम पाल्मिव्होरम' असे नाव दिले. पाल्मिव्होरम म्हणजे ताड-माड खाणारी.

उपाय काय? औषध तेव्हा हाती नव्हते. रोगट झाडाचा शेंडा तोडून जागच्या जागी जाळून टाकायचा, म्हणजे शेजारचे झाड वाचेल, हाच मार्ग होता आणि तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. ज्याचे झाड तोडायचे त्याला ते पटणे सोपे नव्हते, कारण शेंडा कुजू लागला तरी खालची पाने कित्येक महिने हिरवी असतात. डोळ्यांना जिवंत दिसणारे झाड कोण तोडू देईल? आज आपल्या भाटातही हाच पेच पडतो. माड मेला आहे हे मालकाला पटेपर्यंत पावसाने त्याचे बीज पलीकडच्या चार माडांवर नेलेले असते.

बटलर यांनी पुढे आपलेच काम पुन्हा तपासले. या जिवाची वाढ पिथियमसारखी नसून फायटोफ्थोरासारखी आहे असे त्यांचे मत झाले आणि १९१९ पासून तो 'फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा' म्हणून ओळखला जाऊ लागला. आपण दिलेले नाव आपणच मागे घ्यायचे, याला मोठेपणा लागतो. माडाचा कोंब कुजवतो तो हाच. म्हणजे आयर्लंडचा बटाटा आणि मोरजीचा माड यांचे वैरी सख्खे नसले तरी एकाच घराण्यातले निघाले.

१९१८ मध्ये बटलर यांनी 'फंगाय अँड डिसीज इन प्लँट्स' हा ग्रंथ लिहिला. भारतातील पिकांच्या रोगांवरचा हा पहिला मोठा पाठ्यग्रंथ. १९२० मध्ये ते इंग्लंडला परतले आणि तिथल्या क्यू येथील बुरशीशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोलमन आणि मोरचुदाचे पाणी

दुसरा संशोधक आपल्या जास्त जवळचा, कारण त्याने माडीवरच काम केले. लेस्ली चार्ल्स कोलमन हे मूळचे कॅनडाचे. १८७८ चा जन्म. जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे उच्च शिक्षण घेऊन १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात दाखल झाले. कीटक आणि बुरशी, दोन्ही त्यांच्याकडे.

मलनाडच्या सुपारी बागायतदारांना कोळेरोग नवा नव्हता. त्यांच्याकडे त्यावर एक जुना उपायही होता: पावसाआधी माडीवर चढून प्रत्येक घडावर गवताची विणलेली टोपी बांधायची. घड कोरडा राहिला की फळ गळत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. कारण ठाऊक नव्हते, पण उपाय बरोबर होता. तो खर्चिक मात्र होता. हजार माड्या असल्या तर टोप्या विणायच्या किती, आणि चढायचे किती वेळा?

कोलमन यांनी कारण शोधले. गळलेल्या सुपारीतील बुरशी त्यांनी अभ्यासली, ती फायटोफ्थोराच आहे हे दाखवले आणि १९१० मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, जॉर्ज पेथीब्रिज या शास्त्रज्ञाने तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला आणि ती 'फायटोफ्थोरा अरेसी' झाली. पेथीब्रिज कुठे काम करत होते? आयर्लंडमध्येच, बटाट्याच्या रोगांवर. गोष्ट फिरून पुन्हा तिथेच येते.

उपाय म्हणून कोलमन यांनी बोर्डो मिश्रण सुचवले. हे मिश्रण मुळात फ्रान्समधले. बोर्दो शहराजवळच्या द्राक्षमळ्यांत रस्त्याकडेच्या वेलींवर मळेवाले मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी मारत, जेणेकरून येणारे-जाणारे द्राक्षे तोडून खाणार नाहीत. १८८२ मध्ये मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आले की केवडा रोगाने सगळा मळा झडला, पण रस्त्याकडेच्या या वेलींची पाने शाबूत आहेत. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला. १८८५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला.

फ्रान्सच्या मळ्यात चालले ते सह्याद्रीच्या पावसात चालेल कसे, हा कोलमन यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. मारलेले औषध धुऊन जाणारच. म्हणून त्यांनी मिश्रणात राळ आणि सोडा यांचे चिकटण घालायला सुरुवात केली आणि पाऊस लागण्याआधी फवारणीचा आग्रह धरला. फळावर तांब्याचा पातळ थर आधीच बसलेला असेल तर बुरशीचे बीज रुजत नाही. एकदा ती आत शिरली की वरून कितीही मारा, उपयोग नाही. हे औषध रोग्याला बरे करत नाही, निरोग्याला वाचवते.

कोलमन पुढे म्हैसूरचे शेती संचालक झाले. हेब्बाळ येथे शेतीशाळा काढण्यात आणि मंड्याचा साखर कारखाना उभारण्यात त्यांचा मोठा हात होता. दख्खनच्या ज्वारीवर पडणाऱ्या बिनपंखी टोळाच्या प्रजातीला त्यांच्यावरून 'कोलेमानिया' नाव मिळाले आहे. १९३४ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९५४ मध्ये वारले.

दस्तूर : एरंड, बटाटा आणि नागवेल

तिसरे नाव जहांगीर फरदुनजी दस्तूर यांचे. जन्म १८८६. पुसा येथे बटलर यांच्या हाताखाली तयार झालेले हे पारशी संशोधक. १९१३ मध्ये त्यांनी एरंडाच्या रोपांवरील एका नव्या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याला कारण असलेल्या जातीला 'फायटोफ्थोरा पॅरासिटिका' हे नाव दिले. जगभर संत्री-मोसंबी, तंबाखू, टोमॅटो अशा अनेक पिकांवर ही जात पुढे सापडली. वनस्पतिरोगांवर इतक्या बारकाईने काम करणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

पुढे दस्तूर नागपूरला मध्य प्रांताचे बुरशीतज्ज्ञ झाले. त्या भागात पानमळे पुष्कळ. पानवेल बुडाशी कुजून एका पावसाळ्यात अख्खा मळा बसतो, हे पानवाल्यांचे जुने दुखणे. १९३५ मध्ये त्यांनी मध्य प्रांतातील पानवेलीच्या रोगांवर निबंध लिहिला. कारण पुन्हा तेच, फायटोफ्थोरा.

आपल्या कुळागरात उभे राहून हे वाचले तर त्याचा अर्थ जास्त कळतो. कुळागरात माडी एकटी नसते. तिच्या अंगावर पानवेल किंवा मिरवेल चढलेली, खाली केळ, कडेला माड. माडीला कोळेरोग, माडाला कोंब कुजणे, पानवेलीला बूड कुजणे, मिरवेलीला एकाएकी येणारी मर. या चारही रोगांमागे फायटोफ्थोराच्याच वेगवेगळ्या जाती आहेत. सावली, ओल आणि पाटाचे वाहते पाणी, ज्यांच्यावर कुळागर जगते, त्याच गोष्टी या जिवालाही हव्या असतात.

बुरशी, पण बुरशी नव्हे

तिघांनीही या जिवाला बुरशी म्हटले, आपणही म्हणतो. पण आता शास्त्रज्ञ तसे मानत नाहीत. खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते, फायटोफ्थोराची मुख्यतः सेल्युलोजसारख्या द्रव्यांची. तिच्या बीजपेशींना दोन शेपट्या असतात आणि त्या पाण्यात पोहतात. नात्याने ती अळंबीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाला जवळची आहे. शापोरा नदीच्या पलीकडे वागातोर-हणजुणेच्या खडकांवर ओहोटीला जे तपकिरी शेवाळ दिसते, ते तिचे दूरचे भावंड.

ही नुसती वर्गीकरणाची गंमत नाही. बीजपेशी पोहते म्हणूनच तिला पाऊस लागतो. घडावरून ओघळणारा थेंब, वाऱ्याने उडालेला तुषार, हीच तिची वाहने. सतत पाऊस आणि मध्ये थोडे ऊन असे हवामान असले की रोग झपाट्याने पसरतो. खऱ्या बुरशींसाठी बनवलेली काही औषधे तिच्यावर चालत नाहीत, त्याचेही कारण हेच.

नावेही बदलली. कोलमन यांची 'अरेसी' ही बटलर यांच्या 'पाल्मिव्होरा'चाच एक प्रकार आहे असे अनेक तज्ज्ञ मानतात. दस्तूर यांच्या 'पॅरासिटिका'ला आता बहुधा 'निकोशियाने' म्हणतात, कारण त्या जातीला ते नाव १८९६ मध्येच मिळालेले होते आणि नियमाने जुने नाव टिकते. अलीकडच्या अभ्यासांत सुपारीच्या फळगळीमागे 'मीडी' नावाची जात जास्त आढळते. ती मॅक्रे यांनी १९१८ मध्ये रबराच्या झाडावर वर्णिली होती. नाव गेले म्हणून काम गेले असे होत नाही. पावसाआधी फवारा, गळलेली फळे उचलून जाळा, घड कोरडा ठेवा, हे कोणत्याही नावाने खरेच आहे.

मराठी मुलखातले धागे

हे ज्ञान मराठी शेतकऱ्याच्या बोलीत उतरले ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयामुळे आणि तिथून शिकून गेलेल्या माणसांमुळे. तांबेरा, काणी, भुरी, केवडा, करपा ही नावे शेतकऱ्यांचीच. शास्त्रज्ञांनी ती उचलली आणि त्यांना नेमका अर्थ दिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. बुरशीतज्ज्ञ प्रा. आजरेकर यांच्या नावाने तो ओळखला जातो. संस्थेची स्थापना १९४६ ची, आणि संस्थापक प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ मध्ये जन्मले ते मालवणला, म्हणजे तेरेखोल ओलांडून पुढे आपल्याच किनाऱ्यावर.

पेडणे अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीत आले. त्यामुळे पुसा आणि म्हैसूरचे अहवाल निघत होते तेव्हा आपण दुसऱ्या राज्यात होतो, दुसऱ्या सरकारी भाषेत. पाऊस आणि वारा मात्र घाटाच्या दोन्ही बाजूंना तोच होता. मुक्तीनंतर चित्र पालटले. १९७० मध्ये कासरगोडला माड आणि माडीसाठी केंद्रीय संशोधन संस्था आकाराला आली आणि १९७६ मध्ये जुन्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे केंद्र उघडले. आजचे सल्ले तिथून येतात.

उपाय आहे, चढणारा नाही

बोर्डो मिश्रणाची कृती ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चांगला चुना दुसऱ्या पन्नास लिटर पाण्यात. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळायचे, उलटे नाही. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे, लोखंडाचे नको. तयार पाण्यात स्वच्छ लोखंडी पाते बुडवून बघायचे. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालायचा. तयार केले त्याच दिवशी संपवायचे. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. माडाचा कोंब कुजायला नुकताच लागला असेल तर कुजका भाग खरवडून काढून बोर्डोची पेस्ट लावतात आणि पाणी जाऊ नये म्हणून वर झाकण ठेवतात. मात्र पान कातरल्यासारखे दिसत असेल तर तो गेंड्या भुंगा, त्याचा इलाज वेगळा.

शंभर वर्षांहून जुना हा उपाय आजही चालतो. अडचण दुसरीच आहे. माडीवर चढून, एका शेंड्यावरून झोका घेत दुसऱ्या माडीवर जाणारे गडी आता मिळत नाहीत. पाडेल्याची वाट बघण्यात मेचा शेवटचा आठवडा जातो, पाऊस लागतो आणि फवारणी राहून जाते. काही ठिकाणी कार्बन फायबरची लांब काठी जमिनीवर उभे राहून वापरतात, त्याने थोडी सोय झाली आहे. दुसरी गोष्ट तांब्याची. पिढ्यान्‌पिढ्या मारलेले मोरचूद मातीत साठत जाते, म्हणून ते मोजूनच वापरायला हवे.

बटलर, कोलमन, दस्तूर यांची नावे ग्रंथांत आहेत. घडावर टोपी बांधणाऱ्याचे आणि फवारा घेऊन शेंड्यावर चढणाऱ्याचे नाव कुठेच नाही. ते आपल्याला शोधता येईल. मोरजी, मांद्रे, पेडणे, डिचोली इथल्या जुन्या घरांत बागायतीच्या हिशेबाच्या वह्या अजून असतील. त्यांत मोरचूद, राळ, चुना, फवारणीची मजुरी अशी नोंद कोणत्या वर्षी पहिल्यांदा दिसते, हे कोणी तपासले तर कुळागरांचा हा भाग आपल्या हाताने लिहिता येईल. वही टाकून देण्याआधी एकदा चाळून बघा. आणि घरात कोणी म्हातारा पाडेली असेल, तर या पावसाळ्यात त्याच्याशी बोलून घ्या.